कळपाबाहेरचं अंथरूण

जंगल जिथे संपतं आणि माळ जिथे सुरू होतो, तिथे मेंढरांचा एक कळप उतरला होता. त्या कळपाची राखण एक म्हातारा कुत्रा करत असे. राखण करत असे म्हणजे काय, तर मुलांनो, तो भुंकत असे. भुंकण्यापलीकडे त्याच्याजवळ आता फारसं काही उरलं नव्हतं. पुढचे दात पडले होते, मागचे हलत होते आणि डाव्या कानाने त्याला फक्त वाऱ्याचा आवाज यायचा. मेंढ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण मेंढ्यांना बहुतेक गोष्टी ठाऊक नसतात. पण समोरच्या टेकडीवरच्या लांडग्याला संशय यायला लागला होता. तो हल्ली दिवसाढवळ्या टेकडीच्या कडेला येऊन बसायचा आणि कुत्र्याचं भुंकणं शांतपणे ऐकून घ्यायचा. ऐकून झालं की उठून जायचा. हे उठून जाणं दिवसेंदिवस सावकाश होत चाललं होतं, आणि ते कुत्र्याच्या ध्यानात आलं होतं.

मेंढपाळाच्याही नजरेतून ते सुटलं नव्हतं. शेजारच्या तळावरची कुत्री व्याली होती. पिल्लं चालायला लागली की त्यातलं एक आणू, असं तो बायकोला म्हणाला, आणि कुत्र्याने ते उजव्या कानाने ऐकलं. आपल्या जागी दुसरा येणार म्हणून त्याला वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतंय का? मुळीच नाही. त्याला इतकं हायसं वाटलं की त्या दुपारी तो चक्क डुलकी काढून उठला. उठल्यावर मात्र त्याच्या ध्यानात आलं, की पिल्लू आणणं हे मेंढपाळाचं काम असलं तरी पिल्लासाठी घर तयार करणं हे कळपाचं काम आहे. आणि कळप म्हणजे या मेंढ्या. त्याने एक लांब सुस्कारा सोडला.

राखणीचं पिल्लू कळपात कसं रुजवतात, ते तुम्हाला सांगायला हवं. त्यात अवघड असं काहीच नाही. पिल्लू आलं की त्याच दिवसापासून ते मेंढ्यांच्या मध्ये झोपलं पाहिजे. नुकत्याच व्यालेल्या एखाद्या मेंढीने त्याला आपल्या कोकराशेजारी घ्यायचं, थोडं दूध पाजायचं. तिचा वास त्याच्या अंगाला लागला आणि त्याचा वास तिच्या नाकात बसला, की झालं. पुढे त्या पिल्लाला काही शिकवावं लागत नाही. मेंढ्या हेच त्याचं घर होऊन जातं, आणि घरात लांडगा शिरलेला कुठल्याच कुत्र्याला खपत नाही. म्हातारा कुत्रा स्वतः असाच वाढला होता. त्यामुळे त्याला कळपाकडून हवी होती ती एवढीच गोष्ट, मध्यभागी वीतभर जागा.

दुपारी कळप बाभळीच्या सावलीत रवंथ करत बसला होता, तेव्हा कुत्र्याने विषय काढला. "एक पिल्लू यायचं हाय," तो म्हणाला. "त्येला झोपाया जागा लागंल, तुमच्यामधी. बाकी कायबी नको."

कळपातली थोरली मेंढी मोठी समंजस आणि आतिथ्यशील होती. तिने तोंडातला घास संपवला आणि विचारलं, "आवं, पन त्येला दात असतील की."

"दात असतील की," तिच्या मागची मेंढी म्हणाली. "दात असतील," तिच्या मागची म्हणाली. असं करत करत ते दात कळपाच्या पार टोकापर्यंत गेले आणि तिथून परत थोरलीपाशी आले. तिने ते नव्याने ऐकल्यासारखं ऐकलं आणि ती आणखी काळजीत पडली.

"दुधाचं दात असत्यात," कुत्रा म्हणाला. "आन् दात हायेत म्हनूनच आनतुया त्येला. बिनदाती तर मी हायच की."

एडक्याने आपली वळलेली शिंगं हलवली. पुढे तो चालायचा आणि त्याच्यामागे कळप, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट पुढे कोण चालणार इथूनच त्याला समजायला लागायची. "माझ्या म्होरं त्यानं चालायचं न्हाई, ह्ये आदी ठरवा," तो म्हणाला.

"आरं, त्येला चार पावलं टाकता येत न्हाईत नीट. म्होरं कुठलं चालतंय?"

"आज न्हाई. पन उद्या?"

कुत्र्याने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात शेळी उठून पुढे आली, आणि आता काय ऐकावं लागणार हे कळून त्याने ते तसेच मिटलेले ठेवले. मेंढरांच्या कळपात एखाददुसरी शेळी असतेच. ही शेळी पूर्वी शहरात एका बंगल्याच्या मागच्या अंगणात राहून आली होती. किती दिवस, ते ती सांगत नसे. पण तिथल्या गोष्टी सांगून सांगून तिने अख्ख्या कळपाचे कान किटवले होते.

"तुम्हाला यातलं काही माहीत नाही," शेळी म्हणाली. "पिल्लू आणायचं म्हणजे आधी घर तयार करावं लागतं. आमच्या बंगल्यात पिल्लू आणलं, तेव्हा कितीतरी दिवस आधीपासून तयारी चालली होती. त्याची जागा वेगळी, अंथरूण वेगळं, ताटली वेगळी. हे माझं आणि ते तुमचं, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळलं पाहिजे."

"आन् त्यो बंगल्यातला कुत्रा राखायचा काय?" कुत्र्याने विचारलं.

"राखायचा कशाला? तो सोफ्यावर बसायचा."

सोफा म्हणजे काय, ते मेंढ्यांना ठाऊक नव्हतं, पण शब्द भारी वाटला. वेगळी जागा ही कल्पना तर थोरलीला फारच आवडली. येणाऱ्या पाहुण्याची सरबराईही होईल आणि त्याचे दातही लांब राहतील. "आपन त्येला झ्याक जागा करू," ती म्हणाली. "करू," मागची म्हणाली. "झ्याक करू," तिच्या मागची म्हणाली. आणि मग कुत्रा काय बोलत होता ते कुणालाच ऐकू येईना.

दुसऱ्या दिवसापासून कळपात जी लगबग सुरू झाली, ती पाहून कुणालाही कौतुक वाटलं असतं. मेंढ्या रात्री जिथे बसतात, त्याभोवती मेंढपाळ वाघर लावतो, म्हणजे दोरीच्या जाळ्याचं कुंपण. त्या वाघरीच्या बाहेर, ओढ्याकडच्या बाजूला एक मोठा सपाट दगड होता. दगडाच्या आडोशाला पिल्लाची जागा ठरली. बोरीच्या काट्यांना अडकलेली लोकर मेंढ्यांनी तोंडाने ओढून ओढून आणली. वाळलेलं मऊ गवत आणलं. एडक्याने खुराने जमीन उकरून सारखी केली आणि त्या जागेची हद्द कुठवर, हे शिंगाने रेघ ओढून पक्कं केलं. शेळी मधोमध उभी राहून देखरेख करत होती. पिल्लं दिसेल ते चघळतात, तेव्हा चघळण्यासारखं काहीही खाली ठेवायचं नाही, असं तिने बजावलं आणि मग खाली पडलेल्या दोरीचं टोक, टोपलीची कड, मेंढपाळाच्या जुन्या वहाणेचा अंगठा असं सगळं काळजीपूर्वक शोधून तिने स्वतःच चघळून टाकलं.

कुत्रा मेंढ्यांमागून फिरत होता. "आवं, भायेर नको. मधी पायजे, मधी," तो सांगत होता. त्याला कुणी उलटून बोलत नव्हतं. सगळ्या माना डोलवत होत्या आणि तोंडातली लोकर बाहेरच नेत होत्या. कुणी भांडलं असतं, तर त्याला उत्तर तरी देता आलं असतं. इतक्या आनंदाने राबणाऱ्यांवर रागवायचं कसं? म्हाताऱ्याचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

शेवटी तो एकेका मेंढीपाशी गेला. थोरलीला आता दूध नव्हतं. दुसरीची कोकरं जुळी होती. तिसरी म्हणाली की थोरली घेत असेल तर मी घेते, आणि थोरलीला तर दूधच नव्हतं. उरली एक तरणी मेंढी. तिला नुकतंच पहिलं कोकरू झालं होतं, पांढरंशुभ्र, फक्त एका गुडघ्यावर काळा ठिपका. ती त्याला चाटून चाटून ओलं ठेवायची.

"पोरी, तू घे त्येला," कुत्रा म्हणाला. "तुला दूध मायंदाळ हाय. कोकराच्या अंगाला अंग लावून पडंल बिचारं."

तरणी मेंढी कोकराच्या आणखी जवळ सरकली. "आजोबा, माझं पयलंच हाय वो," ती म्हणाली. "आन् त्येला तिकडं येवढं चांगलं केलंय की. माझ्यापाशी काय हाय?"

ती खोटं बोलत नव्हती. अंथरूण खरोखरच चांगलं झालं होतं. कुत्र्याने कपाळ जमिनीला टेकवलं आणि तो तसाच पडून राहिला.

एके सकाळी मेंढपाळाने घोंगडीच्या खोळीतून पिल्लू आणलं. तांबूस रंगाचं, पोटाने गोल, पाय अंगापेक्षा मोठे. त्याने ते कळपाच्या बरोबर मध्ये सोडलं आणि तो भाकरी खायला निघून गेला. पिल्लू थोडा वेळ थरथरत उभं राहिलं. मग नाक वर करून ते वास घेत घेत सरळ तरण्या मेंढीच्या दिशेने चालायला लागलं. कुत्रा उठून उभा राहिला.

"आगं बया, वाट चुकलं वाटतं," थोरली मायेने म्हणाली. तिने पिल्लाला नाकाने हळूच वळवलं. पुढच्या मेंढीने आणखी वळवलं. मेंढ्यांनी दोन्ही बाजूंना सरकून त्याला वाट करून दिली आणि असं प्रेमाने लोटत लोटत त्याला वाघरीच्या बाहेर, दगडाच्या आडोशाला नेऊन बसवलं. पिल्लू लोकरीत बसलं आणि रडायला लागलं.

"नवं हाय, रडनारच," थोरली म्हणाली.

"रडू द्या," शेळी म्हणाली. "सवय लावावी लागते."

कुत्र्याने त्याला मानेला धरून उचलायचा प्रयत्न केला. पण पुढचे दात नसलेल्या तोंडातून पिल्लू निसटून खाली पडायचं. कसंबसं ढकलत त्याने ते वाघरीच्या आत आणलं, तर मेंढ्यांनी लगेच ते बाहेर पोचवलं, आणि वर कुत्र्याला समजावलं की आजोबा, तुम्ही आता दमलात, तुम्ही पडा. त्याने पुन्हा आणलं. त्यांनी पुन्हा पोचवलं. संध्याकाळी मेंढपाळ आला, तेव्हा पिल्लू रडून थकून लोकरीत गाढ झोपलं होतं. त्याला वाटलं, बरं रुळलं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहून दोनदा भुंकून पाहिलं. मेंढपाळाने त्याला उरलेली भाकरी घातली.

पिल्लू वाढलं. मेंढपाळाची बायको भाकरीचे तुकडे ताकात कुस्करून त्याला त्या दगडापाशीच वाढायची. त्याचे दात मजबूत झाले, आवाज फुटला. एकदा एक कोकरू खेळत खेळत अंथरुणाजवळ गेलं, तर पिल्लू केस फुलवून त्याच्या अंगावर असं धावलं की कोकरू आईच्या पोटाखाली जाऊन लपलं.

"बगा, कसा राखतोय," एडका म्हणाला.

"काय राखतोय?" कुत्रा म्हणाला. "आरं, काय राखतोय त्यो?"

"आज अंथरून राखतंय, उद्या कळप राखंल," एडका म्हणाला, आणि सगळ्या कळपाने ते एकमेकींना सांगितलं.

लांडगाही टेकडीवरून हे सगळं पाहत होता, आणि त्याला मात्र जे दिसलं ते बरोबर समजलं. एका दुपारी मेंढपाळ पलीकडच्या उतारावर चुकलेली मेंढी शोधायला गेला होता आणि त्याची बायको सरपण आणायला. कळप ओढ्याकाठी, त्या सपाट दगडाच्या आसपास पांगला होता. लांडगा टेकडीवरून उतरला. तो धावला नाही, लपला नाही, चालत आला.

म्हातारा कुत्रा भुंकत पुढे झाला. लांडगा थांबला नाही. कुत्र्याने मागे वळून पिल्लाकडे पाहिलं. पिल्लू उठलं होतं. त्याने मानेवरचे केस फुलवले होते, दात विचकले होते, आणि ते असं खणखणीत भुंकत होतं की टेकडीवरून त्याचा आवाज परत येत होता. चारही पाय त्याने लोकरीत घट्ट रोवले होते. लांडग्याने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि वाट जरा वाकडी करून, एडक्याने आखलेली रेघ न ओलांडता, तो अंथरुणाला वळसा घालून पुढे गेला. पिल्लू भुंकत राहिलं. त्याचा एकही पाय लोकरीबाहेर पडला नाही.

मेंढ्या एकमेकींवर आदळत एडक्यामागे पळाल्या. एडका, अर्थातच, सगळ्यांच्या पुढे होता. तरणी मेंढी कोकरासाठी थांबली. लांडग्याने तिच्या पायांशेजारून कोकरू उचललं. म्हाताऱ्याने झेप घेऊन त्याचा मागचा पाय धरला आणि जितका जीव होता तितका जोर लावून तो चावला. त्या हिरड्यांनी लांडग्याला साधं खरचटलंही नाही. त्याने पाय झटकला, म्हातारा दगडावर जाऊन आपटला, आणि लांडगा आला तसा चालत टेकडी चढून गेला.

पिल्लाने अंथरुणाचा चारही बाजूंनी वास घेतला. सगळं जागच्या जागी होतं. मग ते शेपूट हलवत म्हाताऱ्यापाशी आलं आणि कौतुकाची वाट पाहत त्याच्यासमोर बसलं.

हळूहळू कळप परत आला. तरणी मेंढी ओढ्याकाठी ये-जा करत कोकराला हाका मारत होती. बाकीच्या म्हाताऱ्याभोवती जमल्या.

"कसलं म्हनायचं ह्ये कुत्रं?" एडका म्हणाला. "जाग्यावरनं हाललं न्हाई."

"येवढं केलं आपन त्येचं," थोरली म्हणाली. "काय कमी केलं सांगा."

"जात बघून आणायला हवं होतं," शेळी म्हणाली. "आमच्या बंगल्यात..."

"गप," कुत्रा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कळपातल्या कुणाला गप म्हटलं होतं, त्यामुळे शेळी खरोखरच गप्प झाली. "त्येनं राखलं. तुमी त्येला जे दिलं, ते त्येनं जिवावर उदार हून राखलं. जाऊन बगा, लोकरीची एक बट हाललेली न्हाई. कळप राखाया पायजे हुता, तर कळप द्यायचा हुता त्येला. माझं तोंड दुखलं सांगून सांगून."

तो लंगडत उठला आणि अंथरुणाकडे गेला. पिल्लू गुरगुरलं. म्हाताऱ्याने अंथरुणाला तोंड घातलं, तसं ते त्याच्या कानाला चावलं. त्याने कान चावू दिला. लोकरीचा एकेक गोळा तोंडात धरून, फरफटत ओढ्यापर्यंत नेऊन त्याने पाण्यात सोडला. पिल्लू त्याच्या मागे-पुढे धावत, ओरडत राहिलं. "मेहनतीचं हुतं वो," थोरली कळवळून म्हणाली. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटची काडी वाहून गेली, तेव्हा पिल्लू उघड्या जमिनीवर जाऊन बसलं. राखायला आता त्याच्याजवळ काहीही नव्हतं.

दिवस मावळायच्या आत मेंढपाळाने वाघर लावली. झाल्या प्रकाराने त्याचं तोंड उतरलेलं होतं. तरणी मेंढी वाघरीला लागून उभी होती. हाका मारून तिचा आवाज बसला होता, आणि दुधाने थानं तटतटून ती पाय फाकवून उभी होती. पलीकडून पिल्लू आलं आणि जाळ्याला नाक लावून कुंई कुंई करायला लागलं. मेंढीने त्याचा वास घेतला. तिने तोंड फिरवलं, थोडी दूर गेली, परत आली.

"हिकडं ये," ती म्हणाली. "दूध लई दुखतंय."

पिल्लू जाळ्याखालून अंग चोरून आत शिरलं. त्याने पहिल्यांदा तोंड लावलं, तेव्हा तिने लाथ मारली. दुसऱ्यांदा मारली नाही. ते पिऊन झाल्यावर ती खाली बसली आणि ते तिच्या पोटाशी पडलं. शेजारच्या मेंढीने ते पाहिलं आणि तीही त्याच्याजवळ सरकली. मग तिच्या मागची सरकली. एकीने केलं ते बाकीच्यांनी केलं, कारण मेंढ्यांचं तसंच असतं, आणि थोड्याच वेळात पिल्लू चारी बाजूंनी लोकरीत दिसेनासं झालं. म्हातारा कुत्रा बाहेरून बघत होता. एवढंच तर तो कधीपासून सांगत होता. त्याला रागही आला आणि रडूही आलं.

काही दिवसांनी त्याचा लंगडेपणा कमी झाला, तेव्हा तरण्या मेंढीची विचारपूस करायला तो तिच्याजवळ गेला. पिल्लू उठलं आणि दोघांच्या मध्ये येऊन उभं राहिलं. ओठ वर गेला, दात दिसले.

"मी हाय रं," म्हातारा म्हणाला.

पिल्लू हललं नाही. म्हातारा दोन पावलं मागे सरला आणि आल्या वाटेने परत जाऊन सावलीत पडला. त्या दिवशी त्याला फार गाढ झोप लागली.

तरणी मेंढी अजूनही रोज दुपारी ओढ्याकाठी जाते आणि कोकराला हाका मारते. पिल्लू तिच्यामागून जातं आणि तिच्या हाका संपेपर्यंत टेकडीकडे तोंड करून उभं राहतं.

तात्पर्य : नव्याने येणाऱ्याला वेगळी जागा करून दिली, तर तो त्या जागेला जपतो; आपल्यात घेतलं, तर तो आपल्याला जपतो. आणि एवढी साधी गोष्ट कळायला कुणाचं कोकरू जावं लागू नये.